कंपनीची विहीर

माझे सासरे पडद्यावर तहानेने तडफडून मेले तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते, आणि ते चणे खात होते. त्यांच्या पलीकडे सासूबाई. त्यांनी एकदा पडद्यावरच्या नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बाकावरच्या, आणि पदर तोंडाला लावून हंबरडा फोडला. सासरे म्हणाले, "अगं, हाय ना मी हितं!" पण बाईंची समजूत पटेना. घरी आल्यावर त्यांनी सासऱ्यांना डोक्यावरून आंघोळ घातली, मीठमोहऱ्यांनी त्यांची दृष्ट काढली आणि दोन दिवस त्यांना अंगणाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्या खेळातलं खरं काय ते एकट्या सासूबाईंनाच समजलं होतं, हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी निर्मळची मुलगी, भुईगावात दिलेली. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा मुंबईला कारकून; शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत जायचा. घरात बाकीचा आठवडा सासू, सासरे, केळीची वाडी, पानवेली आणि मी. मी मराठी सातवी पास होते. नवरा नसताना त्या घरात छापलेलं वाचू शकणारी मी एकटीच, त्यामुळे पोस्टमन आला की माझा भाव वधारायचा आणि तो गेला की मी पुन्हा भांड्यांपाशी.

सासऱ्यांना सगळा गाव बाबा म्हणायचा, मीही म्हणे. बाबांचं काम पाण्याचं. आमच्या किनाऱ्यावर जमिनीखाली पाणी नाही असं होतच नाही. प्रश्न असतो तो गोड की खारं एवढाच. पावसाचं गोडं पाणी वाळूतून झिरपतं आणि खालच्या समुद्राच्या पाण्यावर येऊन थांबतं. विहीर असो की बावखल, म्हणजे वाडीच्या शिंपण्यासाठी खणलेलं छोटं तळं, त्या गोड्या पाण्यापाशी कुदळ थांबवावी लागते. हाव धरून हातभर आणखी खाली गेलात की खारं वर चढतं, आणि मग त्या विहिरीला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. कुठे खणायचं ते सांगणारे आमच्या पट्ट्यात आणखीही होते. कुठे थांबायचं ते फक्त बाबांना कळतं, असं लोक म्हणायचे.

ते ऊन चढायच्या आत जमिनीवर आडवे पडायचे, गाल मातीला टेकवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग उठून चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायचे, थुंकायचे, चार पावलं पुढे जाऊन पुन्हा तेच. नव्या नवरीच्या दिवसांत मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं म्हातारा गेला. मी बोंब मारत घरात पळाले. सासूबाई मासे साफ करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पानी ऐकतायत. तू भात बघ."

एक रीत होती. नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिली ओंजळ खणणाऱ्याची. वाडीचा मालक असो, पूजेला आलेला भटजी असो की नारळ वाढवणारा पाटील, बाबांनी पिऊन "गोड" म्हटल्याशिवाय कुणी त्या पाण्याला तोंड लावायचं नाही. तो एक शब्द ऐकायला बायका कळश्या घेऊन काठावर उभ्या असायच्या. बाबा मुद्दाम वेळ लावायचे. पाणी तोंडात घोळवायचे, आभाळाकडे बघायचे, मिशा पुसायचे, आणि मग सगळ्यांचा जीव टांगणीला लागल्यावर "गोड" म्हणायचे. एवढा नखरा मी पुढे सिनेमातल्या नटांकडेही पाहिला नाही.

पण त्या वर्षी या शब्दाला जरा तडा गेला होता. पलीकडच्या एका गावात बाबांनी देवळासाठी विहीर काढून दिली. थांबा म्हटलं तिथे लोक थांबले. बाबा घरी आले, आणि त्यांच्या मागे पंचमंडळींनी विचार केला की एवढं गोड पाणी आहे तर आणखी दोन हात खणू. विहीर खारी झाली. आता स्वतःच्या हाताने घाण केली असं कोण कबूल करणार? म्हातारा थकला, त्याची जीभ गेली, असं त्यांनी पसरवून दिलं. बाबा जेवताना सासूबाईंना विचारू लागले, "आमटीत मीठ बरोबर हाय ना?" असं त्यांनी जन्मात कधी विचारलं नव्हतं.

अशात चैत्राच्या सुमारास मुंबईहून सिनेमाची कंपनी आली.

गोष्ट वाळवंटातली होती. एक राजकुमार दोन दोस्तांना घेऊन काळविटाच्या शिकारीला वाळवंटात जातो, वाट चुकतो, उंट मरतात, पाणी संपतं, आणि मग शिकारी एकेक करून प्राण सोडतात. खऱ्या वाळवंटात जाणं कंपनीला झेपण्यासारखं नसावं. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून भुईगावचा किनारा निघाला. वाळू आमच्याकडे अमाप. अडचण एवढीच की या वाळवंटाच्या एका बाजूला समुद्र होता आणि दुसऱ्या बाजूला केळीच्या वाड्या. कॅमेरा जरा डावीकडे सरकला की लाट दिसायची, उजवीकडे सरकला की केळफूल. मधल्या तेवढ्या चिंचोळ्या पट्टीत बिचाऱ्या राजकुमाराला वाट चुकायची होती.

उंट एकच होता. तो तीनदा मेला. दर वेळी मेला की उठून थेट आमच्या कुंपणापाशी यायचा आणि पानवेली ओरबाडायचा. राजकुमाराचे ओठ तहानेने फुटलेले दिसावेत म्हणून त्यांना पीठ फासलेलं असे. शॉट झाला की तो पीठ पुसायचा, एक शहाळं संपवायचा आणि पुन्हा पीठ फासून मरायला तयार व्हायचा. खजूर म्हणून त्यांनी आमची सुकेळी वापरली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की ती तपकिरी आणि चिकट होतात. लांबून कुणाला कळतंय? राजकुमाराला ती इतकी आवडली की दोस्ताला शेवटचा खजूर देऊन स्वतः उपाशी राहण्याचा प्रसंग त्याने पाच वेळा बिघडवला. दर वेळी खजूर तोच खायचा.

एके सकाळी कंपनीचा मॅनेजर आमच्या अंगणात आला. शिकाऱ्यांना वाट दाखवणाऱ्या म्हाताऱ्या वाटाड्याचं काम करणारा नट तापाने पडला होता, आणि त्याच्या जागी त्यांना खरोखर खणता येणारा माणूस हवा होता. बाबा उघड्या अंगाने दोर वळत बसले होते. काळे, सुकलेले, हातांच्या शिरा वर आलेल्या. मॅनेजर त्यांच्याकडे बघतच राहिला.

"करायचं काय?" बाबांनी विचारलं.

"खणायचं," मॅनेजर म्हणाला. "बाकी साहेब सांगतील." आणि एक कागद ठेवून गेला.

कागद हिंदीत होता, पण लिपी आपलीच. बाबा म्हणाले, "वाच, सूनबाय." मी ओट्यावर बसून, आवाज काढून, वाचता वाचता मराठी करत सांगू लागले : सगळ्यांचं पाणी संपलं आहे. म्हातारा वाटाड्या गुडघ्यांवर बसतो. वाळू हातात घेतो. देवाचं नाव घेऊन खणू लागतो. खणत राहतो.

त्यापुढची ओळ अशी होती : पाणी लागत नाही. म्हातारा वाळूत कोसळतो आणि मरतो.

मी थांबले.

आता या वयात लपवाछपवी कशाला करू? मला ती कंपनी हवी होती. मी एकोणीस वर्षांची होते, भांडी आणि केळी यांच्यापलीकडे माझ्या दिवसात काही नव्हतं, आणि घरातलं माणूस सिनेमात झळकलं की निर्मळच्या माझ्या बहिणी जळून कोळसा होतील हे मला स्पष्ट दिसत होतं. ती ओळ वाचली असती तर बाबांनी कागद चुलीत घातला असता. देवळाच्या विहिरीची बोंब ताजी होती. पाणी न लागणारा खड्डा, आणि तोही चारचौघांसमोर, या माणसाने कधीच खणला नसता. मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "एवढंच आहे."

बाबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

शूटिंगला अख्खा गाव लोटला होता. बाबांना दाढी चिकटवली, डोक्याला भलंमोठं फडकं गुंडाळलं, अंगात झगा घातला. सासूबाई बघायला आल्या नाहीत. अशा दाढीवाल्याला मी ओळखत नाही, म्हणाल्या. डायरेक्टर साहेब टोपी घातलेले, सारखे घाम पुसणारे गृहस्थ होते. त्यांनी एका जागी काठी रोवली आणि बाबांना म्हणाले, "बाबा, यहाँ खोदो."

बाबांनी तिथली चिमूटभर वाळू उचलली, जिभेवर ठेवली आणि थुंकली. "हितं नाय," ते म्हणाले, आणि चालायला लागले. साहेबांना वाटलं म्हातारा अभिनय करतोय. ते खूश झाले. कॅमेरा उचलून त्यांच्या मागे मागे नेण्यात आला. बाबा पाच-सहा ठिकाणी आडवे झाले, थुंकले, उठले. शेवटी केवड्याच्या बनापासून थोडं पुढे, एका खोलगट जागी ते बराच वेळ गाल टेकून पडले. मग गुडघ्यांवर बसले, हात जोडले आणि खणू लागले.

मी गर्दीत पुढे होते आणि मनात सारखं म्हणत होते, देवा, लागू देऊ नकोस. सासऱ्यांच्या हाताला पाणी लागू नये म्हणून नवस बोलणारी सून मी एकटीच असेन.

हातभर खाली गेल्यावर वाळू काळपट दिसू लागली. साहेब ओरडले, "ये रेत गीली क्यों है?" दोघा जणांनी पाट्या भरभरून कोरडी वाळू आणून वर टाकली. बाबांनी ती उपसून बाजूला केली. पुन्हा टाकली, पुन्हा उपसली. शेवटी साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला, पण म्हातारा इतक्या जीव तोडून खणत होता की कॅमेरा बंद करायचं कुणाच्या मनात येईना. बाबा कमरेइतके आत गेले आणि त्यांच्या पायांपाशी पाणी चमकलं.

कुणी हललं नाही. गाव रीत विसरला नव्हता. बाबांनी पाणी निवळू दिलं, ओंजळ भरली, तोंडात घोळवली, आभाळाकडे पाहिलं. ती चिकटवलेली दाढी ओली होऊन एका बाजूला लोंबत होती. ती त्यांनी हाताने पुसली आणि म्हणाले, "गोड."

गावाने असा काही जल्लोष केला की उंट बिथरला. माझेही डोळे भरून आले. मी काय नवस बोलले होते ते त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही.

साहेब मात्र वाळूत मटकन बसले होते. त्यांच्या वाळवंटात पाणी निघालं होतं आणि अजून दोन दोस्त मरायचे बाकी होते. पण माणूस व्यवहारी. त्याच सकाळी उंटाने लाथ मारून कंपनीचं पाण्याचं पिंप उलटवलेलं होतं, आणि सगळी मंडळी खरोखरीच तहानेने हैराण झाली होती. मॅनेजरने आमच्याकडून कळशी मागून घेतली. राजकुमार, दोस्त, कॅमेरावाला, उंटवाला, सगळे त्या खड्ड्यातलं पाणी पोटभर प्यायले. चहाही त्याच पाण्याचा झाला, आणि तो गावालाही मिळाला. वाळवंटात पाण्यावाचून माणसं कशी मरतात ते दाखवायला आलेली कंपनी पुढचे आठ दिवस त्या पाण्यावर जगली.

चहा झाल्यावर मॅनेजर बाबांजवळ येऊन बसला आणि फार गोड बोलला. साहेबांना काम भारी आवडलंय, पण गोष्टीत असं आहे की पाणी लागत नाही. तेव्हा तेही एकदा करून द्या. "दोन्ही ठेवणार आहेत साहेब. पाणी लागलेलं पण, न लागलेलं पण."

"दोनी ठेवनार?"

"दोन्ही."

मग त्यांना उंच टेकाडावर नेलं. तिथे गुडघाभर कोरडा खड्डा आधीच तयार ठेवला होता. बाबांनी त्यात हात फिरवल्यासारखं केलं. त्यांना तोंड पाडता येईना. साहेब म्हणाले, छोडो, अब मर जाओ. बाबा आडवे झाले. गाल वाळूला टेकवला, डोळे मिटून घेतले आणि निपचित पडून राहिले. "वाह!" साहेब म्हणाले. आजूबाजूच्या बायकांनी हळहळून चुकचुक केलं. एरवी आडवे झाले की जे करायचे तेच बाबा सवयीने करत होते. त्या उंच टेकाडाखालीही कुठे पाणी आहे का ते ऐकत होते.

पिक्चर आला तो पुढच्या वर्षीचा पावसाळा सरल्यावर. स्टेशनाजवळ पत्र्याचं थिएटर होतं, तिथे दुपारच्या खेळाला गाव बैलगाड्या जोडून गेला. उंट पंधरा होऊन चालत होता. राजकुमार मरता मरता एक गाणं पूर्ण म्हणाला. आणि मग आमचे बाबा आले. ते झुकले, आडवे झाले, थुंकले. थिएटरात शिट्ट्या वाजल्या. ते खणू लागले, जीव तोडून, कमरेइतके. मी बाकाची कड घट्ट धरली. आता ओंजळ दिसणार. पण पडद्यावर दिसला तो कोरडा खड्डा. मग बाबांचा चेहरा, वाळूवर टेकलेला गाल, मिटलेले डोळे, आणि वर घिरट्या घालणारं गिधाड. गिधाड कुठून आणलं होतं कोण जाणे.

सासूबाईंनी हंबरडा फोडला तो तेव्हा. बाबांच्या हातातले चणे मात्र संपले नाहीत. ते पुडी तशीच धरून बसले होते.

परतताना गाडीत शेजारची बाई म्हणाली, "अरेरे, एवढं खनलं पन नाय लागलं हो पानी!"

माझं डोकंच फिरलं. "अहो मावशी, तुम्ही प्यायलात ना ते पाणी! चहा मागून दोनदा प्यायलात!"

"ते शूटिंगमधी," मावशी म्हणाली. "खरं काय ते पिक्चरमधीच दिसतं."

मी हसले. मावशी अडाणी, म्हणून सोडून दिलं. पण बघता बघता सगळा मुलूख मावशीच्या बाजूला गेला. दिवाळीनंतर बाबांना न्यायला चिंचोटीची मंडळी येणार होती. ती आली नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी घेऊन गेली. खाडीपलीकडून दर वर्षी एखादं तरी बोलावणं यायचं, ते आलं नाही. देवळाच्या विहिरीबद्दल ज्यांना शंका होती त्यांची शंका फिटली. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तिकीट काढून.

सगळ्यांवर कडी केली ती माझ्या वडिलांनी. निर्मळला आमच्या वाडीत नवी विहीर काढायची होती. वडील शाळामास्तर, चार बुकं शिकलेले. विहिरीचं काम त्यांनी दुसऱ्या माणसाला दिल्याचं मला भावाच्या पत्रातून कळलं. मी तशीच चालत माहेरी गेले आणि अंगणातूनच भांडण सुरू केलं. वडील शांतपणे म्हणाले, "अगं, सिनेमा खोटा असतो हे का मला कळत नाही? पण विहिरीचं काम आहे. खणायला बसलं की तेच चित्र डोळ्यांसमोर येतं. मन धजत नाही." मी पाणीही न पिता परत आले. पाण्यावरून रागावलेली लेक, पाणी न पिऊनच राग दाखवणार, दुसरं काय.

बाबांनी विहिरींचं नाव टाकलं. दोर वळत बसायचे. किनाऱ्याकडे तर ते फिरकेनासेच झाले. आणि एक दिवस वैशाखात, दुपारची जेवणं झाल्यावर, दोर वळता वळता त्यांनी मला विचारलं, "सूनबाय, मी खनलं तवा पानी लागलं होतं ना गं?"

लोकांनी विश्वास ठेवला नाही ते मी सोसलं होतं. पण आता म्हाताऱ्याचाच स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडत चालला होता, आणि त्याची सुरुवात ओट्यावर बसून मी केली होती.

"लागलं होतं, बाबा. तुम्ही गोड म्हणालात. मी ऐकलं."

"मंग दिसलं कसं नाय?"

मासे विकायला येणारी बाई मध्ये कधीतरी म्हणाली होती की किनाऱ्यावर केवड्याच्या बनापाशी एका खड्ड्याला अजून पाणी आहे. मी हातातलं काम टाकलं आणि म्हटलं, "चला. आजच्या आज चला." आणि ऊन उतरायला लागलं तशी मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं.

खड्डा होता. नुसता होता नव्हे, त्याची विहीर झाली होती. कडेने दगड रचले होते, वर माडाचं खोड आडवं टाकलं होतं. भोवती कोळीवाड्याच्या बायका पाणी भरत होत्या. वैशाखात गावच्या निम्म्या विहिरी मचूळ होतात, आणि इथे रांग लागली होती. मला इतका आनंद झाला की मी बाबांचा हात धरून पुढे घुसले. पण बाबांनी हात सोडवून घेतला आणि ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. सगळ्यांच्या कळश्या भरेपर्यंत उभेच होते.

शेवटी एक तरुण बाई उरली. लग्न होऊन नवीनच आलेली दिसत होती. तिने बाबांना ओळखलं नाही. "तान लागली काय, आजोबा? घ्या, प्या," तिने कळशी तिरकी केली. "कंपनीची विहीर हाय ही. पानी गोड हाय."

पहिली ओंजळ ज्यांची, त्या माणसाला ती सांगत होती पाणी गोड आहे म्हणून. बाबांनी ओंजळ धरली. प्यायले. आभाळाकडे बघितलं नाही, मिशा पुसल्या नाहीत.

"कंपनीची?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तर! त्या पिक्चरवाल्या लोकांनी काढली. शिकलेली मानसं, त्यांच्याकडं मशिनी असतात. नायतर आपल्यातला तो म्हातारा पाह्यला ना पिक्चरमधी? मरंस्तवर खनला, थेंब नाय लागला त्याला."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्या दंडाला हात लावला. ते वाकून विहिरीत बघत होते. मग त्या बाईला म्हणाले, "बाय, हिला आनखी खोल करू नका. हाय तेवढीच ठेवा. खाली खारं हाय."

"तुमाला काय म्हाइत?" ती हसून म्हणाली आणि कळशी डोक्यावर घेऊन निघून गेली.

आम्ही परत निघालो. वाळूत चालताना मला रडू आवरेना. केवड्याचं बन मागे पडल्यावर मी बोलून टाकलं. "बाबा, त्या कागदात पुढची ओळ होती. पाणी लागत नाही, असं लिहिलं होतं. मी ती वाचलीच नाही. मुद्दाम."

बाबा चालतच राहिले. "म्हाइत हाय," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तू थांबलीस ना. आयुष्यभर तेच बघत आलो, कोन कुठं थांबतो ते. गोड होतं तवर तू वाचलंस. खाली खारं असनार, ते मला तवाच कळलं."

मी रस्त्यात उभी राहिले. एवढे दिवस जे ओझं मी एकटी वाहत होते ते या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला त्यांचा रागच आला. "मग गेलात कशाला?" मी जवळजवळ ओरडले.

बाबांनी वळून समुद्राकडे पाहिलं, जिथे कॅमेरा कधी वळला नव्हता.

"मला वाटलं, कागदात लिवलेलं कायपन असू दे," ते म्हणाले. "एकदा डोळ्यांसमोर पानी आलं, की नाय कोन म्हनंल?"